एकादशीची भरती

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



बोईसर स्थानकाबाहेरच्या एसटीच्या पाट्या कधी सवडीने वाचून पाहा. नवापूर, मुरबे, तारापूर, चिंचणी, डहाणू. यातलं एकेक गाव पाण्याच्या काठावर आहे. २०१४ साली ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या आपल्या पालघर जिल्ह्याला दक्षिणेला वसईच्या खाडीपासून उत्तरेला झाईपर्यंत किनारा लाभलाय, आणि या किनाऱ्यातून खाड्या जागोजागी आत शिरल्यात. वैतरणेची खाडी, केळव्याजवळची दांडा खाडी, सातपाटी आणि मुरबे यांच्यामधली खाडी, नवापूर-दांडीची, डहाणूची. पण बोईसरच्या वसाहतींत राहणाऱ्या, तारापूरच्या एमआयडीसीत पाळ्यांमध्ये कामाला जाणाऱ्या आपल्यासारख्यांचा या पाण्याशी संबंध किती? रविवारी संध्याकाळी चिंचणीच्या वाळूत बसायचं, भजी खायची, पाय ओले करायचे आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचं. एवढाच.

मी गेली काही वर्षं सुटीच्या दिवशी एक लहानशी कयाक घेऊन खाडीत जातो. ती गाडीच्या टपावर बांधलेली दिसली की लोक थांबून विचारतात. कुठे मिळते? केवढ्याला? एक माणूस बसतो की दोन? बुडत नाही ना? आजवर मला कुणीही विचारलं नाही, की आज पाणी किती वाजता भरतंय. खरं तर पहिला प्रश्न हाच हवा. आजच्या या भाषणात मी बोटीबद्दल थोडं आणि पाण्याबद्दल जास्त बोलणार आहे, ते याच कारणाने.

आधी नावांचा घोळ मिटवू. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसायचं. हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, ते एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारायचं. कॅनोमध्ये गुडघ्यांवर किंवा आडव्या फळीवर बसतात आणि वल्ह्याला पातं एकच असतं. दोन्हींत वल्हवणारा पुढे बघत जातो आणि वल्हं बोटीला कुठेही अडकवलेलं नसतं. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दत्तू भोकनळने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जी बोट चालवली ती रोइंगची. तिची वल्ही बोटीला जोडलेली असतात आणि खेळाडू पाठमोरा पुढे सरकतो. आपल्या कामाची आहे ती पहिली, म्हणजे कयाक. त्यातही वर बसायची, सपाट, जाड प्लॅस्टिकची. ती उलटली तरी आत पाणी भरून बुडत नाही, हा तिचा नवशिक्यासाठी सगळ्यात मोठा गुण.

ही कयाक मुळात उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची. झाडं न उगवणाऱ्या त्या मुलखात समुद्राने वाहून आणलेल्या लाकडांचा आणि हाडांचा सांगाडा करायचा, त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं. शिंप्याने अंगरखा बेतावा तशी ज्याची कयाक त्याच्या अंगाच्या मापाने बेतलेली. कॅनो उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची, बर्च झाडाच्या सालीची. १८६५ साली जॉन मॅकग्रेगर नावाचा एक स्कॉटिश वकील ‘रॉब रॉय’ नावाची चिमुकली बोट घेऊन युरोपातल्या नद्यांमधून हिंडला आणि पुढल्या वर्षी त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. तिथून वल्हवणं हा शहरी माणसाचा छंद झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून त्याच्या स्पर्धा होतात. आपल्याकडे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब १९२८ पासूनचा, आणि त्यांचा रेगाटा पाहायला अजूनही नदीकाठी गर्दी होते. मुंबईचे कौस्तुभ खाडे २०१५ मध्ये एकटे कयाक वल्हवत मुंबईहून गोव्याला गेले आणि पुढे त्यांनी गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा तीन हजार किलोमीटरहून अधिक किनारा पार केला. म्हणजे आपलं सातपाटी आणि केळवंही त्यांच्या वाटेत आलं असणार. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी दोघांच्या कॅनोत भारताला ब्राँझ मिळवून दिलं. हे सगळं अभिमानाचंच आहे. पण आपल्याला पदक नकोय, रविवारची सकाळ हवीय.

तर आता पाणी.

आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साधारण पाच मीटरचा फरक पडतो. पाच मीटर म्हणजे दीड मजला. सकाळी जिथे गलबत तरंगेल तिथे दुपारी कुत्री फिरताना दिसतात ती यामुळे. गोव्याला सुटीत कयाक चालवून आलेले लोक इथे फसतात, कारण तिथे हा फरक याच्या निम्माही नसतो. एवढं पाणी सहा तासांत खाडीत शिरतं आणि सहा तासांत बाहेर पडतं, आणि तेही सारख्या वेगाने नाही. ओहोटी लागली की पहिल्या तासात बारा भागांतला एक भाग पाणी उतरतं, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. त्या वेळी खाडीच्या अरुंद तोंडाशी प्रवाहाविरुद्ध वल्हवणं नवशिक्याच्या ताकदीबाहेरचं असतं. हात कितीही चालले तरी काठावरचं तिवराचं झाड जागच्या जागी दिसत राहतं, आणि मग हळूहळू ते पुढे सरकायला लागतं. म्हणजे तुम्ही मागे जाताय.

हे सगळं मांगेला, वैती, कोळी समाजातल्या कुठल्याही तांडेलाला पाठ असतं. त्यासाठी त्याला मोबाइल लागत नाही, तिथी लागते. आपल्या जुन्या लोकांचा ठोकताळा असा, की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळीही सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. रोज भरती साधारण पाऊण ते एक तास पुढे सरकते, त्याचंच हे गणित. मुंबईपेक्षा आपल्याकडे पाणी किंचित उशिरा भरतं आणि खाडीत आत आत जावं तसं आणखी उशिरा. म्हणून छापील कोष्टक पाहाच. पण ठोकताळा डोक्यात असला की पंचांग बघूनच रविवार उपयोगाचा आहे की नाही ते कळतं.

बहुतेक हौशी लोक पौर्णिमेचा रविवार निवडतात. चांदण्या रात्री भरलेली खाडी पाहिलेली असते, त्याचा तो परिणाम. पण पौर्णिमेला सकाळी सहा वाजता खाडीत चिखलाशिवाय काही नसतं, आणि त्यानंतर जे पाणी येतं ते धावत येतं. उलट अष्टमी उलटून एक-दोन दिवस गेले की भांगाची भरती असते. पाणी कमी चढतं, कमी उतरतं, प्रवाह मवाळ असतो. एकादशीला ठोकताळ्याने भरती सव्वाआठला. म्हणजे उजाडल्यावर साडेसहाला पाण्यात उतरा. चढत्या पाण्याबरोबर खाडीत आतल्या बाजूला जा. सव्वाआठ-साडेआठला पाणी थबकतं तेव्हा तिवरांच्या सावलीत थांबून डबा खा. (उपवास असेल तर केळी.) मग उतरणाऱ्या पाण्याबरोबर आरामात परत. साडेनऊला काठावर. नवशिक्यासाठी महिन्यात दोनदा येणारी याहून चांगली वेळ मला तरी ठाऊक नाही.

वाऱ्याचंही असंच आहे. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, पाच गुणांसाठी पाठ केले आणि विसरलो. पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. तो इतका मंद असतो की काठावर जाणवतही नाही, पण हलक्या कयाकला तो बाहेर ढकलतो. वर ओहोटी असेल तर दोघं मिळून ढकलतात. त्यामुळे पहिलं वर्षभर खाडीच्या मुखातून समुद्राकडे जायचंच नाही. दहा-अकराच्या पुढे खारा वारा सुरू होतो आणि फेब्रुवारी ते मेमध्ये दुपारी तो चांगलाच जोर धरतो. तेव्हा तोपर्यंत घरी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ज्या दिवसांत सातपाटीच्या मोठ्या बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, त्या दिवसांत आपण प्लॅस्टिकची बोट घेऊन बाहेर पडण्यात काही शौर्य नाही.

१३ जानेवारी २०१८ या दिवशी डहाणूच्या किनाऱ्याजवळ काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. कॉलेजच्या चाळीसएक मुलामुलींना घेऊन निघालेली बोट किनाऱ्यापासून फार दूर नसतानाच उलटली. मच्छीमारांच्या बोटी मदतीला धावल्या, बहुतेक मुलं वाचली. तीन मुली गेल्या. समुद्र खवळलेला नव्हता. जानेवारी महिना होता, सहलीचा मौसम. मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती, असं त्या वेळच्या बातम्यांत होतं. किनाऱ्याच्या गावातली मुलं होती ही.

लाइफ जॅकेटबद्दल आपल्याकडे एक विचित्र लाज आहे. पोहता येणाऱ्याला ते घालणं कमीपणाचं वाटतं. त्याचं काम काय ते एकदा समजून घेतलं की ही लाज जाते. पाण्यात आपलं शरीर जवळजवळ तरंगतंच. डोकं वर ठेवायला थोड्याच किलोंचा उचल लागतो. चांगल्या वल्हवायच्या जॅकेटवर ५० न्यूटन असं लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण पाच किलोंचा आधार. तेवढ्यावर थकलेला, घाबरलेला, पायात पेटका आलेला माणूस तोंड पाण्याबाहेर ठेवून मदतीची वाट पाहू शकतो. मात्र जॅकेट घातल्यावर कुणाला तरी खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत सरकलं तर पट्टे ढिले आहेत. आणि बोटीत नुसतं ठेवलेलं जॅकेट बोट उलटल्यावर वाहून जातं. माझ्याबरोबर येणाऱ्याने जॅकेट घातलं नाही तर आम्ही काठावरच चहा पिऊन परत येतो. यावरून एक-दोघं रागावलेतही.

आता पहिला दिवस. कंबरभर, थांबलेल्या पाण्यात जा आणि सगळ्यात आधी मुद्दाम उलटा. हे ऐकून हसू येतं, पण बुडण्याची भीती एकदा निघून गेली की बाकीचं पटकन येतं. उलटल्यावर बोट सोडायची नाही. माणसाचं डोकं लाटांत दिसत नाही, बोट दिसते. ती सरळ करा, पालथं झोपल्यासारखं तिच्यावर आडवं चढा, कूस बदलून बसा, मग पाय आत घ्या. दहा वेळा हेच करा. वल्हवणं नंतर. वल्हं घट्ट आवळू नका, तळहाताला फोड येतात. जोर दंडातून काढू नका. कंबरेपासून वळा, ज्या बाजूला पातं बुडवता त्या बाजूचा पाय पुढे दाबा. पाठीने आणि पोटाने वल्हवणारा माणूस दोन तास थकत नाही, हाताने वल्हवणारा वीस मिनिटांत थकतो. पायात बंद बूट हवेत, चपला चिखलात राहतात. आणि आपल्या खाड्यांत खडकांना, खांबांना, पुलाच्या पायाला कालवं धरलेली असतात. त्यांची धार ब्लेडसारखी असते.

बोट विकत घ्यायची घाई करू नका. रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदीवर वीजकेंद्रातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर राफ्टिंग चालतं. तिथे कयाकही वल्हवायला मिळते. आधी तिथे किंवा कुठल्याही जाणत्या माणसाबरोबर चार-पाच वेळा बसा. छंद टिकणार असेल तर घ्या. खेळण्याच्या दुकानातल्या पातळ, हवा भरायच्या बोटी मात्र खाडीत आणू नका. त्या तळ्यात मुलांना बसवायला ठीक. वाऱ्याने त्या पतंगासारख्या जातात. आपल्याकडे सूर्या नदीवरचं धामणी धरण आहे, लहानमोठे तलावही आहेत. पाणी गोडं, भरती-ओहोटीची भानगड नाही. पण ही पाणी साठवायची ठिकाणं आहेत, तिथे जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय उतरायचं नसतं.

आणि कुठे जायचं नाही तेही सांगायला हवं. तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून आपल्या किनाऱ्यावर उभं आहे. त्याच्या समोरच्या पाण्यात जायचं नाही, यात चर्चेला जागा नाही. २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर सागरी पोलीस अनोळखी बोटीकडे संशयाने पाहतात, आणि ते बरोबरच आहे. सातपाटी, केळवे इथे सागरी पोलीस ठाणी आहेत. आदल्या दिवशी जाऊन कळवलं, किती जण, कुठून कुठे, किती वाजता परत, तर काही बिघडत नाही. अडचणीत तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लक्षात ठेवा.

नवापूर-दांडीकडे मी नवख्यांना नेत नाही, त्याचं कारण वेगळं. आपल्या एमआयडीसीचं सांडपाणी नवापूरला समुद्रात सोडलं जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचं मूल्यमापन केलं, त्यात तारापूरचा निर्देशांक ९३.६९ होता, देशात सर्वाधिक. तिथल्या मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत ही लढाई नेली. बोईसरला राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे पगार याच कारखान्यांतून येतात, माझाही आलाय. पण त्या पाण्याचा वास वल्ह्याच्या टोकाशी, नाकापासून दोन फुटांवर घेतला, की आकडा वर्तमानपत्रात वाचल्यासारखा राहत नाही. २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदर हवं की नको यावर आज मी बोलणार नाही, तो या भाषणाचा विषयही नाही. मात्र या वादात एका बाजूला खाडीच्या पाण्यात रोज हात घालणारे लोक आहेत, आणि आपण वसाहतीतले लोक ती खाडी रेल्वेच्या खिडकीतून पाहणारे. आपलं जे काही मत असेल ते निदान एकदा तिथे जाऊन आल्यावर बनावं.

आपण ज्याला हौस म्हणतो ते आपल्याच जिल्ह्यात काहींची रोजची कसरत आहे, हेही विसरता येत नाही. वैतरणेच्या दोन रेल्वे पुलांमधल्या बेटावर वाढीव गाव आहे. तिथल्या लोकांनी शाळा, दवाखाना, बाजार यासाठी एक तर होडीत बसायचं, नाही तर जीव मुठीत धरून रेल्वेच्या पुलावरून चालत जायचं. त्यांच्यासमोरून रंगीत कयाक घेऊन जाताना, खरं सांगतो, थोडं अवघडल्यासारखं होतं.

त्यावर एक वाट मला वेंगुर्ल्यात दिसते. तिथे मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना होडीत बसवून, स्वतः वल्हवत कांदळवन दाखवतात. इंजिनाचा आवाज नाही, डिझेलचा तवंग नाही. खंड्या, बगळे, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, सगळं जवळून दिसतं. माहिती सांगणारी बाई त्याच गावची. पैसा गावात राहतो, तिवरं तोडायला आलेल्याला अडवायचं कारणही गावाकडे राहतं. आपल्याकडे दांडा खाडीत हे का होऊ नये? तिथे खाडीच्या मुखाशी केळव्याचा पाणकोट आहे, जहाजासारख्या आकाराचा छोटा किल्ला. ओहोटीला त्याच्यापर्यंत चालत जाता येतं आणि भरतीला चारही बाजूंनी पाणी. शांत पाण्याच्या सकाळी एखाद्या जाणत्या स्थानिक माणसाबरोबर कयाकमधून त्याला वळसा घालणं, यासाठी मुंबईहून माणसं येतील. त्यासाठी बंगले, स्पीडबोटी, कर्णे काही लागणार नाही. सहा-सात कयाक, पुरेशी जॅकेट आणि पाणी ओळखणारे दोघं-तिघं.

हे दोघं-तिघं आपल्याकडे आहेतच. म्हणून उतरण्याआधी कोळीवाड्यात जा. मासळी घेताना नव्हे, वेगळं, वेळ काढून. तांडेलकाका, नाखवा, जे म्हणत असाल ते म्हणा, पण विचारा. खाडीत डोल जाळी कुठे लावलेली आहेत, कारण वाहत्या पाण्यात जाळ्याच्या खुंटावर आडवी अडकलेली कयाक सुटत नाही आणि त्यांचं जाळं फाटतं ते वेगळंच. वाळूचा दांडा यंदा कुठे सरकलाय. ओहोटीला बाहेर पडायला चिखल नसलेली जागा कोणती. पहिल्या दोन-तीन खेपांना त्यांच्याच होडीतून खाडी पाहून घ्या आणि त्यांच्या सकाळचे पैसे न विसरता द्या. तुम्हाला शिकवण्यात त्यांची एक खेप बुडते. ते तुम्हाला हसतील, इंजिन असताना हाताने कशाला मरताय म्हणतील. हसू द्या. पंचांग मात्र बरोबर न्या, आणि पुढची एकादशी रविवारी कधी येतेय ते त्यांच्यासमोरच बघा.